सार्वजनिक जागांचे निर्जंतुकीकरण : आधी पाणी, मग पावडर

(पंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी आणि प्राथमिक शिक्षक यांच्या एकत्रित प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गावात कोणी मोठे पाहुणे येणार असले, की त्याची पहिली वर्दी रस्त्याला लागते. सकाळीच रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या पुडीच्या सरळ रेघा ओढल्या जातात. गटाराच्या काठावर, कचरा उचललेल्या जागी आणि क्वचित न उचललेल्या कचऱ्यावरही तीच पूड शिंपडली जाते. पाहुणे येतात आणि जातात, वाऱ्याने पूड उडते, आणि निर्जंतुकीकरण झाल्याची नोंद दप्तरात राहते. ही पूड म्हणजे आपल्या सर्वांच्या परिचयाची टी.सी.एल. पावडर. ती ग्रामपंचायतीच्या पैशाने विकत घेतलेली असते, आणि ज्या कामासाठी ती घेतली ते काम कोरड्या रस्त्यावर पडून तिच्याकडून जवळजवळ काहीच होत नाही. आजचे माझे निवेदन मुख्यतः या एका गोष्टीविषयी आहे.

मी डॉक्टर नाही की रसायनशास्त्रज्ञ नाही. माहिती खात्यातील माणसाचे काम जाणकारांनी सिद्ध केलेल्या गोष्टी सर्वांना कळतील अशा भाषेत मांडण्याचे असते. सुदैवाने या विषयाचे मूळ तत्त्व समोर बसलेल्या मंडळींना आधीच ठाऊक आहे. फक्त ते विहिरीपुरते ठाऊक आहे, फरशीपुरते नाही.

पिण्याच्या पाण्यात टी.सी.एल. टाकताना आपण काय करतो? पूड कोरडी ओतीत नाही. बादलीत तिचे द्रावण करतो, निवळू देतो, आणि वरची नितळ निवळी टाकीत सोडतो. त्यानंतर किमान अर्धा तास पाणी वापरायला देत नाही. मग ओ.टी. चाचणी करून क्लोरीन शिल्लक आहे की नाही ते पाहतो. पाणी गढूळ असेल तर पावडर जास्त लागते, हेही आपले जलसुरक्षक अनुभवाने जाणतात. म्हणजे विरघळणे, मात्रा, वेळ आणि मळाचे प्रमाण या चारही गोष्टी आपण विहिरीवर पाळतो. मात्र बाजाराचा ओटा, बसस्थानकाचे शौचालय किंवा अंगणवाडीची फरशी समोर आली, की या चारही गोष्टींचा आपल्याला विसर पडतो.

वस्तुतः नियम एकच आहे. क्लोरीन पक्षपात करीत नाही. त्याच्यापुढे शेण आले तर तो शेणावर खर्च होतो, माती आणि खरकटे आले तर त्यांवर खर्च होतो. जंतूंपर्यंत पोहोचेपर्यंत तो संपून गेलेला असतो. मळलेल्या पृष्ठभागावर टाकलेले जंतुनाशक म्हणजे वाटेतच वाटून टाकलेली खैरात होय. म्हणून जगभरच्या आरोग्यसंस्थांनी सांगितलेला क्रम असा : प्रथम झाडणे, नंतर साबण आणि पाण्याने घासून धुणे, आणि त्यानंतरच जंतुनाशक लावणे. लावल्यावर ते लगेच पुसून न टाकता काही वेळ ओले राहू देणे हेही त्यातच आले. नुसत्या साबणाने घासूनही बहुसंख्य जंतू मळाबरोबर निघून जातात. ज्या ठिकाणी धुण्यापुरतेच पाणी आहे आणि पावडर नाही, तेथे निम्म्याहून अधिक काम होऊ शकते. पावडर आहे पण पाणी नाही, तेथे होत नाही.

या पावडरीचा इतिहास थोडक्यात सांगणे येथे अप्रस्तुत ठरणार नाही. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ साली तिचे एकस्व घेतले ते कापड शुभ्र करण्यासाठी. ब्लीचिंग हे नाव तिला त्यामुळेच चिकटले. १८४७ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्या विद्यार्थ्यांना याच क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तेथील बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण शेकडा अठराच्या वर होते, ते जूनमध्ये शेकडा दोनच्या आसपास आले. त्या वेळी जंतूंचा सिद्धान्त सर्वमान्य झालेला नव्हता. सेमेलवाइस यांनी चुना रुग्णालयाच्या वाटेवर शिंपडला नाही. रोग ज्या वाटेने जात होता ती वाट, म्हणजे विद्यार्थ्यांचे हात, त्यांनी शोधली आणि तेथे तो वापरला.

वाट न ओळखता जंतुनाशक ओतले तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रोगी आढळले. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोगाचे निदान केले. त्यानंतर शहरात निर्जंतुकीकरणाची अशी मोहीम सुरू झाली, की तिच्यापुढे आजच्या मोहिमा लहान वाटाव्यात. समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल मिसळून गटारे धुतली गेली, घरांच्या जमिनींवर कार्बोलिक ओतले गेले, भिंतींना चुना लावला गेला, सामानसुमान जाळले गेले. तरीही प्लेग पसरतच राहिला. कारण तो जमिनीवरून येत नव्हता, उंदरांच्या अंगावरील पिसवांतून येत होता. ही गोष्ट पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ साली दाखवून दिली, आणि ती सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली.

पुण्यात १८९७ साली याच कामाला सैनिक लावून घरोघर झडत्या झाल्या. त्या झडत्यांनी लोकांच्या मनात जो संताप साठला त्याची परिणती रँडसाहेबांच्या वधात झाली, हे शालेय पुस्तकांतून सर्वांनी वाचलेले आहे. निर्जंतुकीकरण लोकांसाठी करण्याऐवजी लोकांवर केले जाऊ लागले, की त्यातून आरोग्य मिळत नाही आणि विश्वासही जातो, एवढेच येथे नोंदवितो.

ही गोष्ट फार जुनी झाली असे कोणी म्हणू नये. मार्च २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील बरेली येथे गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशकाचा फवारा मारण्यात आला. पुढे एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने माणसांवर असे फवारे मारू नयेत असे कळविले. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रस्ते आणि बाजार यांवरील फवारणीही निरुपयोगी असल्याचे सांगितले, आणि त्याचे कारण तेच दिले : धूळ आणि घाण जंतुनाशकाला निष्प्रभ करतात. त्याच वर्षी ५ नोव्हेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसांना ज्यातून चालवीत नेत त्या निर्जंतुकीकरण बोगद्यांना बंदी घालण्याचे निर्देश दिले. कोविडचा मुख्य मार्ग हवा हा होता. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने असा अंदाज दिला, की दूषित पृष्ठभागाला एकदा स्पर्श केल्याने लागण होण्याची शक्यता सामान्यतः दहा हजारांत एकाहूनही कमी असते. मग तोपर्यंत गावोगाव ट्रॅक्टरला पिंपे जोडून जे मारले गेले त्याचा हिशेब कोणी मांडावा?

यावरून पृष्ठभागांची स्वच्छता अनावश्यक आहे असा अर्थ मात्र कृपा करून काढू नये. कोविडची वाट हवेची होती. जुलाब-उलट्यांची, विषाणूजन्य काविळीच्या काही प्रकारांची, नायट्याची आणि डोळे येण्याची वाट हात, फडके, तोटी आणि कडी यांवरून जाते. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीसह राज्याच्या अनेक भागांत शाळकरी मुलांचे डोळे आले होते. शिक्षकांना ते दिवस आठवत असतील. तेव्हा शाळेच्या पटांगणावर केलेल्या फवारणीने काय झाले असते? मुलांनी एकमेकांचे रुमाल न वापरणे, तोंड-हात धुणे आणि ज्याला-त्याला हात लागतो ती दाराची कडी व नळाची तोटी दिवसातून दोनतीनदा साबणाने पुसणे, यांचा उपयोग त्याहून कितीतरी अधिक होता.

आता आपल्या रोजच्या जागा पाहू. केशकर्तनालयापासून सुरुवात करतो, कारण त्याचा विचार पंचायतीच्या बैठकीत सहसा होत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड वापरण्याची रीत आता बहुतेक ठिकाणी रुळली आहे, आणि तिचे श्रेय कारागिरांना दिले पाहिजे. पण ब्लेड बदलले तरी वस्तऱ्याचा दांडा तोच असतो, आणि दाढी झाल्यावर गालावर फिरणारा तुरटीचा खडाही तोच असतो. तुरटीने रक्त थांबते, त्वचा आवळते. म्हणून ती जंतुनाशक आहे अशी एक समजूत आहे. कावीळ 'ब' चा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात निदान सात दिवस टिकून राहू शकतो, आणि रक्ताचा डाग डोळ्यांना दिसलाच पाहिजे असे नाही. एका गालावरून दुसऱ्या गालावर जाणारा खडा हे त्या विषाणूला दिलेले वाहनच होय. उपाय खर्चिक नाही. तुरटीची पूड करून ती दर वेळी स्वच्छ कापसावर घ्यावी, म्हणजे झाले. केस कापण्याच्या यंत्राच्या दातऱ्यांतून नायटा पसरतो. ती दातरी प्रत्येक गिऱ्हाइकानंतर ब्रशाने झाडून सत्तर टक्के अल्कोहोलने पुसावी. धातूला क्लोरीन लावू नये, गंज चढतो. जून २०२० च्या अखेरीस केशकर्तनालये पुन्हा उघडली तेव्हा एकदा वापरून टाकून द्यायच्या टॉवेलांची अट होती. अट गेली आणि अनेक ठिकाणी खांद्यावरचा जुना पंचा परत आला. एका दिवसाला पुरतील इतके धुतलेले पंचे ठेवणे एखाद्या छोट्या दुकानदाराला जड जात असेल, तर त्याला दंडाची धमकी देण्याआधी दुकानाजवळ पाण्याची सोय आहे का, हे पंचायतीने पाहिले पाहिजे.

चहाच्या टपरीवर आणि खानावळीत गोष्ट त्याहून साधी आहे. तेथे सर्वांत घाणेरडी वस्तू कोणती असे विचारले, तर लोक जमिनीकडे बोट दाखवतात. बहुधा ती वस्तू मालकाच्या खांद्यावर असते. सकाळपासून ओले असलेले ते फडके सगळी टेबले पुसते, म्हणजे एका टेबलावरचे दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवते. एकाच बादलीत दिवसभर बुचकळले जाणारे पेले त्याच जातीचे. वाहते पाणी आणि दर दोन तासांनी बदललेले फडके, एवढ्यावर तेथील बरेचसे काम भागते.

बसस्थानकाच्या आणि बाजाराच्या शौचालयाविषयी मात्र थोडे विस्ताराने बोलले पाहिजे. आपल्याकडे स्वच्छतेचा एक वास ठरून गेला आहे, तो फिनाईलचा. वास आला की साफ झाले असे आपण समजतो, आणि साफ करणाऱ्यालाही तेच कळते, की वास आला म्हणजे पुरे. बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या फिनाईलने दुर्गंधी झाकली जाते, काही जंतूही मरतात. पण जुलाब-उलट्यांच्या साथी आणणाऱ्या कित्येक चिवट विषाणूंवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी क्लोरीनच लागतो, आणि तोही मोजून.

मोजमाप असे. ताज्या, चांगल्या टी.सी.एल. पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन उपलब्ध असतो. धुऊन झालेल्या फरशीसाठी, ओट्यासाठी, बाकासाठी ०.१ टक्का क्लोरीनचे द्रावण पुरते. म्हणजे दहा लिटर पाण्याच्या बादलीला तीस ग्रॅम पावडर. संडासाचे भांडे, तसेच उलटी, विष्ठा किंवा रक्त सांडलेली जागा यांसाठी ०.५ टक्का, म्हणजे त्याच बादलीला दीडशे ग्रॅम. सांडलेली घाण आधी कागदाने किंवा टाकाऊ कापडाने उचलून घ्यावी, मग द्रावण घालावे. लाकडी काठीने ढवळून, निवळू देऊन वरची निवळी वापरावी. दहा मिनिटे जागा ओली राहू द्यावी. द्रावण रोजच्या रोज करावे. कालचे उरलेले आज कामाला येत नाही. जास्त पावडर म्हणजे जास्त स्वच्छता, हाही एक भ्रमच आहे. तिने डोळे चुरचुरतात, सिमेंट झिजते, नळ गंजतात, आणि पुढच्या महिन्याची पावडर या महिन्यात संपते.

फडक्यांबद्दल एक सूचना. शौचालयाचे फडके आणि बादली वेगळ्या रंगाची, शक्यतो लाल, ठेवावी. ती अंगणवाडीत किंवा स्वयंपाकघरात कोणत्याही सबबीवर जाऊ नये. पोषण आहाराची खोली आणि संडास एकाच बादलीने धुतले जाण्याची शक्यता जेथे आहे, तेथे द्रावणाचा हिशेब करत बसण्यात अर्थ नाही.

यानंतरची गोष्ट जीवाशी संबंध असलेली आहे. शौचालयाचे पिवळे डाग घालविण्यासाठी आपल्याकडे सर्रास अॅसिड वापरतात. आधी पावडर टाकली, तिने डाग गेले नाहीत, म्हणून वरून अॅसिड ओतले, असे घडू शकते. या दोहोंचा संयोग झाला की क्लोरीन वायू बाहेर पडतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील यिप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर जो वायू सोडला होता तोच हा. बंद, खिडकी नसलेल्या शौचालयात त्याचा थोडाही प्रमाणातील झोत छातीत गेला तर माणूस दगावू शकतो. अॅसिड आणि टी.सी.एल. एकाच कोठीत शेजारी-शेजारी ठेवू नयेत, आणि एकाच दिवशी एकाच जागी वापरू नयेत. हे भिंतीवर लिहून ठेवले तरी पुरेसे नाही, कारण ज्याला ते काम करायचे असते त्याला कित्येकदा वाचता येत नाही. त्याला बोलावून, दोन्ही डबे दाखवून, त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे.

आणि हा माणूस कोण? आपल्या सर्व मोहिमांत त्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत येतो. संत गाडगेबाबा गावात आले की आधी हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. ज्यांच्या नावाने शासनाने २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान चालविले, त्यांनी झाडणे हे काम कोणा एका जातीच्या वाट्याला ठेवले नाही. आपण मात्र मोठमोठ्या सभा भरवून शपथा घेतो, आणि सभा संपल्यावर प्रत्यक्ष काम पिढ्यान्पिढ्या ज्यांनी केले त्यांच्याच हाती देतो, तेही उघड्या हाती. हाताने मैला साफ करण्याच्या कामास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. शौचालय धुणाऱ्याला रबरी हातमोजे, गमबूट, लांब दांड्याचा ब्रश आणि काम संपल्यावर अंघोळीपुरते पाणी देणे हा उपकार नव्हे. पाणी न देता त्याच्या नावापुढे वेळेच्या रकान्यात सह्या घेणे यासारखी दुसरी लबाडी नाही. अशा सह्यांचे तक्ते अनेक शौचालयांच्या दारांवर आपण पाहतो, आणि आत तोटीला पाणी नसते.

शिक्षक बंधुभगिनींना एक वेगळी विनंती आहे. वर्ग झाडण्याची पाळी सर्व मुलांना लावावी, त्यात काही गैर नाही. शौचालय धुण्याची पाळी मुलांना लावू नये, आणि काही ठराविक मुलांनाच लावणे तर गुन्ह्यासमान मानावे. पावडर आणि अॅसिड मुलांच्या हाती देण्याच्या वस्तू नव्हेत. त्यांनी हात धुवायला शिकावे, जेवणापूर्वी आणि शौचानंतर, साबणाने, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. त्यासाठी साबण शाळेत असला पाहिजे, आणि तो मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद असता कामा नये.

खर्चाचा प्रश्न उरतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातील ग्रामपंचायतींच्या अनुदानापैकी साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिलेला होता. म्हणजे या कामी पैसाच नव्हता असे सरसकट म्हणता येणार नाही. पण खरेदीच्या यादीत धूर काढणारे यंत्र आले की ते सर्वांना दिसते, त्याचे छायाचित्र निघते. उडत्या डासांसाठी ते योग्य वेळी उपयोगी आहेच, फरशीवरच्या जंतूंशी मात्र त्याचा संबंध नाही. लांब दांड्याचे सहा ब्रश, हातमोज्यांचे चार जोड, शंभर ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा तराजू आणि बाजाराच्या ओट्याजवळ एक चालू नळ यांचे छायाचित्र कोणी काढीत नाही. माझ्या मते पुढील आराखड्यात आधी या वस्तू लिहाव्यात, आणि पैसे उरले तर यंत्राचा विचार करावा. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी ते येथे अवश्य मांडावे.

टी.सी.एल. साठविण्याविषयी दोन वाक्ये बोलून थांबतो. उघडे पडलेले पोते दमट हवेत आणि उजेडात लवकर निकामी होते. पूड पांढरी दिसते, वासही येतो, पण जोर निघून गेलेला असतो. म्हणून ती झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी, मोटारीच्या स्टार्टरपासून दूर ठेवावी. उत्पादनाची तारीख पिंपावर रंगाने लिहावी, आणि नमुना वेळोवेळी जिल्हा प्रयोगशाळेकडे पाठवावा. दुपारच्या सत्रात प्रयोगशाळेचे कर्मचारी दोन्ही मात्रांची द्रावणे करून दाखविणार आहेत. तराजू, बादल्या आणि हातमोजे मागच्या टेबलावर मांडले आहेत. ज्यांनी आपल्या गावच्या पावडरीचा नमुना सोबत आणला असेल, त्यांनी बाटलीचे झाकण घट्ट लावून, त्यावर गावाचे नाव लिहून तो जेवणापूर्वी तेथे जमा करावा.